विसाच्या आतला देव

फर्निचरच्या त्या दुकानात एवढी गर्दी मी सेल लागल्यावरसुद्धा पाहिली नव्हती. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांवर, पलंगांवर, चपलांच्या कपाटावर, जिथं टेकता येईल तिथं माणसं टेकली होती आणि प्रत्येकाच्या पाठीमागून किमतीची चिठ्ठी लोंबत होती. समोर, प्लॅस्टिकचं वेष्टणही न काढलेल्या कोऱ्या सोफ्यावर पत्तेबाबा बसले होते. ते जरा हलले की प्लॅस्टिक कुरकुरायचं आणि प्लॅस्टिक कुरकुरलं की पुढची रांग हात जोडायची.

"मी काही करत नाही," बाबा सांगत होते. "मी पत्त्यांना हातसुद्धा लावत नाही. पत्ता तुम्ही काढता. बोलतो तो वरचा."

वर दुकानाचं गाद्यांचं गोदाम होतं, पण हे तेव्हा मला एकटीलाच सुचलेलं दिसलं.

एक बसचालक समोर येऊन बसला. सोफ्यामागच्या कपाटाआडून तबकात, रेशमी रुमालात गुंडाळलेला पत्त्यांचा कॅट आला. बाबांनी दोन्ही हात मागे बांधले आणि डोळे मिटून हुकूम सोडला, "दहाच्या पुढचा, विसाच्या आतला कुठलाही आकडा मनात धरा. मला सांगू नका. तेवढी पानं एकावर एक पालथी मांडा."

बसचालकानं मांडली.

"आता त्या आकड्यातले दोन अंक एकमेकांत मिळवा. येईल तेवढी पानं मांडलेल्या ढिगावरून उचला, परत कॅटवर ठेवा. ठेवलीत? ढिगात आता सगळ्यात वर जे पान आहे ते तुमचं भाग्य. उघडा."

बदाम राजा निघाला.

"राजा!" बाबा गरजले. "बदलीचं अडलंय ना? राजा स्वतः सही करणार!"

बदलीचं बाबांना कुणीच सांगितलं नव्हतं. बसचालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून कुणीतरी विचारलं, "बाबा, आधी पत्ते पिसायचे नाहीत का?"

"पिसायचे नाहीत. तो बोलत असताना मध्ये बोलू नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गात एवढ्या माना एकदम कधी डोलल्या नाहीत, त्यामुळे मला थोडा मत्सरही वाटला.

मी तिथं हौसेनं गेले नव्हते. माझ्या ताईच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गाठ लहान आहे, आत्ता काढली तर बरं होण्याची चांगली आशा आहे, पण चालढकल करू नका. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. तेवढ्यात ताईच्या लाँड्रीत कपडे टाकायला येणाऱ्या कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं. भावोजी म्हणाले, "विचारून बघायला काय जातं?" भावोजी तसे भले गृहस्थ आहेत, पण आयुष्यातली निम्मी संकटं त्यांनी याच वाक्यानं घरात आणली आहेत.

ताईनं आकडा मनात धरला, पानं मांडली, बेरीज केली, उचलली, ठेवली. बाबांचे हात पाठीमागेच होते. मी त्यांच्या बाह्यांवर, बोटांवर, मांडीवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली होती. ताईनं पान उलटलं. इस्पीक एक्का होता.

प्लॅस्टिक जोरात कुरकुरलं. "काळं टोक! लोखंड! माई, अंगाला लोखंड लागू देऊ नका. सुरी लागली की संपलं. हे तेल घ्या, सकाळ-संध्याकाळ चोळा, गाठ विरघळेल."

ताईनं तेलाची बाटली अशी छातीशी धरली की मला रडू आलं. मग राग आला. राग माझ्या जास्त सवयीचा आहे.

घरी पोचल्यावर ती म्हणाली, "मी तारीख रद्द करते."

"ताई, तो भामटा आहे!"

"असेल. पण पत्ता त्यानं काढला का? मी काढला, माझ्या हातानं. आकडा मी मनातच ठेवला होता, तुलासुद्धा सांगितला नव्हता. आणि ऑपरेशनचं त्याला कुणी सांगितलं? तू गणिताची बाई ना? मग सांग, कसं केलं त्यानं?"

एवढी शिकलेली मी, पण त्या माणसाचे रिकामे हात बघण्यात माझी सगळी हुशारी खर्ची पडली होती.

"बघ," ताई म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता, सुटका होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला देव हवा होता असंही नाही. ऑपरेशनला तिच्या वतीनं कुणीतरी 'नको' म्हणायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर मलाही हवं झालं असतं. पण तारीख पुढच्याच आठवड्यातली होती.

"आजच रद्द करू नकोस," मी म्हटलं. "तेल चोळ हवं तर. उद्या मी एकदा परत बघते, मग तू ठरव." ती कशीबशी कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि मागे, एका आरशाच्या टेबलाजवळ उभी राहिले. या वेळी बाबांकडे न बघता दाराकडे बघत राहिले. दारात एक गोडबोल्या बाई प्रत्येकाला सरबत देत होत्या. सरबत एक घोट आणि चौकशी दहा मिनिटं. कसं आलात, घरी कोण कोण, काय दुखतंय, डॉक्टर काय म्हणाले? काल ताईशीही त्या बराच वेळ बोलत होत्या. आपण त्यांना काही सांगितलं हे ताईच्या लक्षातही राहिलं नव्हतं, कारण ते सांगणं नव्हतं, नुसत्या गप्पा होत्या. विचारपूस झाली की बाई कपाटाआड जात, आडूनच बाबांच्या कानाशी काहीतरी कुजबुजत आणि मग कॅट बाहेर येई. म्हणजे ऑपरेशनचं कुठून कळलं ते समजलं. पण पत्ता?

माझं नशीब असं की तेवढ्यात एक आजोबा पुढे येऊन बसले. कानाचं ऑपरेशन करावं की नाही हे त्यांना विचारायचं होतं. ते संथपणे पानं मांडत राहिले. उचलायची तेवढी उचलली आणि वरच्या पानाला हात घातला.

पान उलटायच्या आधीच बाबा सुरू झाले, "आला! काळा एक्का आला! कानाला लोखंड—"

आजोबांच्या हातात चौकट तिर्री होती.

प्लॅस्टिकसुद्धा कुरकुरलं नाही.

"आकडा कोणता धरलात?" बाबा ओरडले.

"वीस!"

"विसाच्या आत सांगितलं होतं!"

"मला वीस एवढंच ऐकू आलं," आजोबा म्हणाले. "नीट ऐकू येत असतं तर इथं कशाला आलो असतो?"

बाबांनी स्वतःला सावरलं. वीस हा आकडा बाटलेला असतो, पुन्हा करा, असं सांगून त्यांनी आजोबांसाठी दुसरा कॅट मागवला. लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. माझं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. सगळं विश्व चालवणारा, बदल्या करणारा, गाठी विरघळवणारा हा वरचा विसाला का अडखळतो? दुसरीतली पोरं अडखळतात, त्यांचं मी समजू शकते. मी रस्त्यावरून चालता चालता मनात वजाबाक्या करू लागले आणि कोपऱ्यावर येईपर्यंत मोठ्यानं हसत होते. समोरून येणारी बाई घाबरून बाजूला झाली.

संध्याकाळी ताईच्या ओट्यावर मी आमच्याच घरचा, कडा विरलेला कॅट ठेवला. हात मागे बांधले. "दहाच्या पुढचा, विसाच्या आतला आकडा धर."

"चेष्टा करू नकोस."

"धर तर."

तिनं सगळं केलं. पान उलटलं. इस्पीक एक्का. ताई पांढरीफटक पडली. मी तो कॅट पुन्हा आधीसारखा लावला. "आता दुसरा आकडा धर." पुन्हा इस्पीक एक्का. भावोजी दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "हिच्या अंगात पण आलं की काय?"

"गणित आलंय," मी म्हटलं. "ताई, कोणता आकडा धरला होतास?"

"चौदा."

"एक आणि चार किती? पाच. चौदातली पाच पानं परत गेली. ढिगात किती उरली?"

"नऊ."

"दुसऱ्यांदा?"

"सतरा. एक आणि सात आठ. सतरातून आठ गेले…" ती थांबली. "नऊ."

"अकरा धर, एकोणीस धर, काहीही धर. नऊच उरतात. म्हणजे वरचं पान नेहमी नववंच असणार. मी एक्का आधीच नवव्या जागी ठेवला होता. दारातल्या त्या सरबतवाल्या बाई गप्पांत सगळं काढून घेतात आणि कपाटाआड जाऊन तेच करतात. बदली हवी असेल त्याला राजा, ऑपरेशनवाल्याला एक्का. पिसू देत नाहीत ते म्हणूनच. हातचलाखी नाहीच मुळी, म्हणून तर तो हात मागे बांधून बसतो! आणि वीस धरले तर दोनच पानं परत जातात, अठरा उरतात, सगळं फसतं."

ताईनं तो एक्का पालथा ठेवला. "म्हणजे मला ऑपरेशन करावं लागणार," ती म्हणाली आणि रडली. मी तिला धरून बसले. भावोजींनी चहा टाकला. त्यांच्या हातून झालेली त्या आठवड्यातली ही पहिली शहाणपणाची गोष्ट.

चहा संपेपर्यंत ताईचं रडणं संपलं होतं आणि डोकं तापलं होतं. गिऱ्हाइकानं डागाबद्दल खोटं सांगितलं की तिचं असं होतं. "उद्या माझ्याबरोबर चल," ती म्हणाली.

दारात तिनं सरबत घेतलं आणि बाईंना मनापासून सांगितलं, "तारीख जवळ आली हो, मन डळमळतंय." बाई हळहळल्या आणि कपाटाआड गेल्या. कॅट आला.

"माई, दहाच्या पुढचा, विसाच्या आतला—"

"मी सत्तावीस धरते," ताई म्हणाली.

"विसाच्या आत, माई."

"का? वरच्याला पुढचे अंक येत नाहीत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा म्हणाले, "माई, श्रद्धेनं करा."

"बरं. मग मी आकडा धरतच नाही." ताई लोकांकडे वळली. "बघा हं. मी अजून काहीही मनात धरलेलं नाही. तरी माझं भाग्य सांगते. नववं पान इस्पीक एक्का आहे." तिनं मोठ्यानं मोजत पानं मांडली. लोकही तिच्याबरोबर मोजायला लागले. "सात! आठ! नऊ!" तिनं नववं पान उलटून उंच धरलं. काळं टोक सगळ्यांना दिसलं.

पुढचा गोंधळ विचारू नका. त्या दिवशीही आलेल्या बसचालकानं तिथल्या तिथे अकरापासून एकोणीसपर्यंत सगळ्या वजाबाक्या बोटांवर करून पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. एक काकू म्हणाल्या, "बाबांची अशी परीक्षा घेऊ नये," तर कालच्या आजोबांनी त्यांना ओरडून विचारलं, "काय म्हणालात?" आणि त्यांना ते पुन्हा म्हणवेना. सरबतवाल्या बाई मागच्या दारानं गेल्या. दुकानदारानं वाऱ्याची दिशा ओळखून बाबांना उठायला सांगितलं. ते उठले तेव्हा सोफ्याचं प्लॅस्टिक त्यांना चिकटून बरंच लांब गेलं.

ते आता दुसऱ्या कुठल्यातरी गावात, दुसऱ्या सोफ्यावर असतील. म्हणूनच हे लिहिते आहे. घरी कॅट काढा, नवव्या जागी एक पान ठेवा आणि शेजाऱ्यांना चकित करा. खूप मजा येते. पण नंतर ती युक्तीही त्यांना सांगा. आणि कुणी तुमच्या जिवाचा निर्णय अशा पानावर करायला लागला, तर त्याच्या हातांकडे बघत बसू नका. त्यानं घातलेली अट ऐका आणि विचारा, का?

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर खोलीत आल्या. सुई टोचण्याआधी समजावू लागल्या, "आत गेल्यावर मी सांगेन तेव्हा आकडे मोजायचे. एक ते दहा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, अगं, आत्ता नको. पण ती थोडीच ऐकते!

"दहाच्या आतच का?" तिनं विचारलं.

डॉक्टर मुळीच रागावल्या नाहीत. "कारण औषध तेवढ्यात चढतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढेही मोजा की, माझी काही हरकत नाही. पण दहाच्या पुढे जागं राहिलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही. किती औषध, कधी, का, ते सगळं सांगू का?"

"सांगा," ताई म्हणाली. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून सगळं सांगितलं. ताई मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिली आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळत गेलं.

मग खाट ढकलत नेताना तिनं माझा हात दाबला. "बघ," ती म्हणाली, "हिला कारण विचारलं तर हिच्याकडे कारण होतं." तिला भीती वाटत होतीच. पण या वेळी ती स्वतःच्या निर्णयानं आत गेली. गाठ निघाली. आकडे मोजताना आपण सातपर्यंत पोचलो असं ती सांगते. डॉक्टर म्हणतात, चार.