पडद्यामागची गिटार

माझ्या नवऱ्याला अधूनमधून एखादा नाद लागायचा, आणि नाद सुटला की त्याचं सामान माळ्यावर जायचं. होमिओपॅथीच्या गोळ्यांची पेटी तिथं होती. फोटो धुवायचे ट्रे होते. मधमाश्या पाळायची एक रिकामी पेटी होती, तिच्यात उंदरांनी पिलं घातली होती. म्हणून सूर्यभान जेव्हा म्हणाला, मला गिटार शिकायची आहे, तेव्हा मी माळ्यावर जागा किती उरली आहे ते बघितलं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं सासूबाई म्हणायच्या. मी मुलींच्या शाळेत रोज हजेरी घ्यायची, मला नाव घ्यायची सवय होती.

आम्ही मानवतला राहत होतो. सूर्यभान कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे ती तारांची लांबट पेटी, तिच्यावर टायपरायटरसारखी बटणं असतात. जयंती, लग्न, नामकरण, कुठंही ही पार्टी जायची. दत्तराव गायचे, बाकीचे साथ द्यायचे. सूर्यभान बरा वाजवायचा. फार बरा नाही.

त्या वर्षी गणपतीत बाजारपेठेत बन्सीधरचा ऑर्केस्ट्रा झाला. बन्सीधरचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. त्याला सुरातलं काही कळत नव्हतं, पण लाल-निळे दिवे कुठं लावायचे ते बरोबर कळायचं. पांढरे बूट घालून तो स्टेजच्या कडेला उभा राहायचा आणि गाणं संपलं की स्वतःच गायल्यासारखा घाम पुसायचा. त्याच्याकडं नांदेडचा एक गिटारवाला होता. विजेवर चालणारी लाल गिटार मानवतच्या लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कार्यक्रम झाल्यावर सूर्यभान ती जवळून बघायला गेला आणि त्यानं हात पुढं केला.

"ओ, हात नका लावू," बन्सीधर म्हणाला. "हे काय बेंजो न्हाई खटाखटा बटणं दाबायला. तुमाला तुमचं जयंतीतलं बरं हाय."

हे सूर्यभाननं मला जेवताना सांगितलं, भात कालवत, आवाज न चढवता.

"मग खोटं काय बोलला तो?" मी म्हणाले. "काय येतं तुमाला त्यातलं?"

"येत न्हाई म्हणूनच शिकायची हाय."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं बनवून घेतली. स्टँडजवळ रज्जाकभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनीही गिटार कधी हातात धरली नव्हती. एका मासिकातलं चित्र समोर ठेवून दोघांनी ती केली. जुन्या दाराची फळी कापून अंग केलं, मानेवरच्या पट्ट्यांच्या जागी सायकलचे स्पोक लावले, जुन्या हेडफोनमधलं चुंबक आणि तारेचं वेटोळं तारांखाली बसवलं. तिची वायर आमच्या रेडिओच्या पाठीमागं, रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या भोकांत खुपसायची. रेडिओ माझ्या वडिलांनी दिलेला होता. त्यातून बातम्या आणि भावगीतं ऐकायची मला सवय होती. आता त्यातून म्हशीला उचकी लागल्यासारखा आवाज येऊ लागला.

सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई, दारात तांदूळ निवडत बसायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "सूर्या, हे रडायलंय का गायलंय?"

"अजून ठरलं न्हाई, माय," तो म्हणाला.

शिकवायला गावात कोणी नव्हतं. त्यानं हैदराबादहून एक इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात बोटांची चित्रं होती, पण मजकूर त्याला भराभर वाचता यायचा नाही, म्हणून वाचायचं काम माझ्या गळ्यात आलं. चौथीच्या वर्गाला सांगावं तसं मी सांगायची. पहिलं बोट इथं, तिसरं तिथं, अंगठा मानेच्या मागं, पाठ ताठ. आणि तो चौथीतल्या ढ मुलीसारखाच चुकायचा. त्या फळीवर तारा इतक्या उंच होत्या की खालून पेन्सिल सरकवता आली असती. दाबून दाबून त्याच्या बोटांना चिरा पडल्या. मी हळद लावून दिली आणि वर म्हणाले, "जिनिंगमध्ये लेखणी तरी धरता येईल ना? का तिथंही मीच येऊ?"

कॉर्ड म्हणजे तीन-चार तारा एकदम दाबून काढलेला सुरांचा मेळ; एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर बोटं नेईपर्यंत गाण्याचं कडवं संपून जायचं. निम्म्या तारा मुक्या राहायच्या. शेजारच्या बायका मला विचारायच्या, तुमच्याकडं काय सुतार बसलाय का. मी म्हणायची, सुतार बरा, त्याच्या हातून निदान पाट तरी होतो.

पण ती गिटार माळ्यावर गेली नाही. पावसाळा गेला, थंडी गेली, तरी तो कामावरून आला की हातपाय धुऊन रेडिओपाशी बसायचा. एका संध्याकाळी मी पेपर तपासत होते आणि माझा पाय हलतोय असं माझ्या लक्षात आलं. त्याच्या चार कॉर्ड न अडखळता एकामागून एक येत होत्या. मी पाय थांबवला. त्याच्या ते लक्षात आलं असतं तर तो शेफारला असता.

पुढच्या वर्षी नांदेडचा गिटारवाला ऑर्केस्ट्रा सोडून मुंबईला पळाला. बन्सीधर आमच्या दारात आला. आत या म्हटलं तरी आला नाही, ओट्याखाली चपला घालूनच उभा राहिला. सूर्यभान वाजवतो हे त्याला रज्जाकभाईंकडून कळलं होतं.

"आमच्या पार्टीत या," तो म्हणाला. "गिटार आमची राहील."

सूर्यभान लगेच हो म्हणाला. मला तेव्हाच राग आला. इतका पटकन हो म्हणणाऱ्या माणसाला लोक काय समजतात ते मला ठाऊक होतं. पण तालमीहून परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"लय हलकी हाय ती, कमल," तो म्हणाला. "बोट ठेवलं की बोलतीय. मी इतके दिवस दार वाजवत होतो."

बोरीच्या यात्रेत कार्यक्रम होता. मी रजा काढली, सासूबाई नवं लुगडं नेसल्या, आणि दोन एसट्या बदलून आम्ही दिवस मावळायच्या आत पोचलो. बायकांच्या बाजूला पुढं बसलो. पडदा उघडला. मागं बर्फाच्या डोंगरांचं चित्र रंगवलेलं कापड, पुढं गाणारे, आणि मधोमध लाल गिटार गळ्यात अडकवून बन्सीधरचा भाचा. केस कपाळावर, कॉलर उभी. गाणं सुरू झालं आणि लोकांनी शिट्या वाजवल्या.

"आपला सूर्या कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

मी भाच्याच्या डाव्या हाताकडं बघत होते. वर्षभर पुस्तक वाचून दाखवल्यावर कोणतं बोट कुठं जातं ते मला पाठ झालं होतं. भाच्याची बोटं डास चावल्यासारखी एकाच जागी खाजवत होती. आवाज मात्र बरोबर होता. आणि तो आवाज मला ओळखीचा होता. तिसऱ्या कॉर्डवर जाताना जरा घाई करायची खोड सूर्यभानचीच होती.

मी उठले आणि स्टेजच्या मागं गेले. बर्फाच्या डोंगरांच्या मागं, तेलाच्या उलट्या डब्यावर, माझा नवरा बसला होता. खरी गिटार त्याच्या मांडीवर होती. भाच्याच्या गळ्यातली नुसती रंगवलेली फळी होती. त्यानं मला पाहिलं, मान हलवली आणि वाजवत राहिला. बन्सीधर बाजूलाच पान खात उभा होता.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "हे काय हाय?"

उत्तर बन्सीधरनं दिलं. "वैनी, गावोगावचे मंडळवाले मोठ्या घरचे असतेत. आधी नावं विचारतेत, स्टेजवर कोण कोण राहणार म्हणून. आमी भाच्याचं नाव सांगतो. आवाज ह्यांचा, चेहरा आमचा. सगळ्यांचं भागतं."

"भाच्याला वाजवता येतं का?"

"त्याला काय गरज?"

"मग त्याला सांगा, बोटं जरा हलवत जा. एकाच जाग्यावर खाजवायलाय."

सूर्यभान खाली बघत तारा जुळवत राहिला.

घरी आल्यावर मी विचारलं, "किती दिवस बसणार डब्यावर?"

"गिटार काय असती ते कळेपर्यंत."

मला ते पळपुट्या माणसाचं उत्तर वाटलं. बन्सीधरचा मला तितका तिरस्कार वाटला नाही. त्याच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. पण ज्याची बोटं फुटलेली मी पाहिली होती, त्यानं एका बावळट पोराच्या पाठीमागं लपून वाजवावं, याची मला शिसारी आली. सगळा हंगाम तो जात राहिला. मी कोणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंनी मात्र सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं की आमचा सूर्या पडद्याआड वाजवतो, पुढच्या लोकांना तर नुसतं उभं राहायचं असतं. त्यांना त्यात मानच वाटत होता. त्यांच्या हिशेबानं खरं काम आतच होतं; चूल कधी ओसरीवर नसते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो म्हणाला, "हैदराबादला येतीस का? गिटार घ्यायची हाय."

"बन्सीधर देईना का त्याची?"

"तिची मान वाकली हाय. वरच्या पट्ट्यांवर सूर चढतो. त्याला सांगून उपयोग न्हाई."

सिकंदराबादच्या दुकानात मालकानं आमच्याकडं, मग माझ्या पिशवीतल्या दशम्यांच्या गाठोड्याकडं बघितलं आणि सगळ्यात चकचकीत लाल गिटार पुढं केली. सूर्यभाननं ती डोळ्यासमोर धरून, बंदुकीचा नेम धरावा तसं मानेवरून लांबवर पाहिलं आणि परत दिली. दुसरी तशीच दिली. मालक कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं गेला. सूर्यभान एकेक तार एकेक पट्टीवर वाजवून कान लावून ऐकत बसला. शेवटी त्यानं कोपऱ्यातली एक जुनी, मळकट तपकिरी रंगाची काढली. तिच्या पाठीवर भला मोठा ओरखडा होता.

"इतक्या लांब येऊन ही?" मी म्हणाले.

त्यानं ती माझ्या मांडीवर ठेवली. "तार दाब."

मी दाबली. तार सहज खाली गेली आणि दुकानात स्वच्छ सूर उमटला, माझ्या बोटानं, पहिल्याच झटक्याला. मी त्याच्याकडं पाहिलं. तो गालात हसत होता. मग तीच घेतली. एक लहान अॅम्प्लिफायरही घेतला, म्हणजे माझा रेडिओ तरी सुटला.

गणपतीच्या आधी बन्सीधर पुन्हा आला. पुन्हा ओट्याखाली उभा. सूर्यभाननं त्याला आधीच निरोप पाठवला होता की या वर्षी मी येणार नाही.

"आता तुमाला पुढं उभं करतो," तो म्हणाला. "भाचा मधी राहील, तुमी जरा कडंला."

"शेठ, तुमाला गिटार दिसायला पाहिजे का ऐकायला?"

"दोनी पाहिजे की."

"मग भाच्यालाच शिकवा. वर्ष लागंल. बोटं फुटतेत, आधीच सांगून ठेवा."

"तुमीच शिकवा मग."

"शिकवतो," सूर्यभान म्हणाला. "रोज संध्याकाळी घरी पाठवा. इथं आत सतरंजीवर बसावं लागंल. तहान लागली तर आमच्याच माठातलं पाणी मिळंल."

बन्सीधर हसला, म्हणजे त्यानं दात दाखवले. मग म्हणाला, विचारून सांगतो. मी आतून तांब्या-भांडं घेऊन आले आणि त्याच्यापुढं धरलं. "शेठ, पाणी घ्या," मी म्हणाले. त्याला दुकानात काहीतरी काम आठवलं. पांढऱ्या बुटांवर धूळ बसू नये म्हणून जपत जपत तो गल्लीतून गेला. भाचा काही शिकायला आला नाही. त्या गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार नव्हतीच. भाचा खंजिरी हलवत होता, तीही तालाबाहेर.

सूर्यभान आमच्या गायन पार्टीत परत गेला. तिथंही काही आरती ओवाळली नाही कोणी. "हे फिल्मी वाजवणं आपल्या गाण्याला कशाला?" दत्तराव म्हणाले. "लोक शब्द ऐकायला येतेत." त्यांना आपल्या आवाजापुढं दुसरं काही ऐकू गेलेलं चालत नसे. सूर्यभाननं वाद घातला नाही. आवाज कमी केला, गाण्याच्या मधल्या जागा शोधल्या, शब्द चालू असताना गप्प राहायला शिकला. मला वाटतं ते त्याला सगळ्यात जड गेलं. जयंती जवळ आली तेव्हा दत्तराव न बोलता त्याच्यासाठी जागा सोडून बसायला लागले.

जयंतीला तो ढोलकी आणि नव्या बेंजोवाल्याच्या मधोमध बसला, सगळ्यांसमोर, पांढऱ्या सदऱ्यात. मी आणि सासूबाई पुढंच होतो. दुसऱ्या गाण्यात तिसऱ्या कॉर्डवर जाताना त्यानं घाई केली. एवढ्या गर्दीत कोणाला ते कळलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. पुढच्या कडव्यात तो तिथं थांबला, दत्तरावांचा शब्द पुरा होऊ दिला, आणि मग वाजवलं.