दातांच्या फटीतली शिट्टी

एवारिस्तोच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्यातून मक्याचा दाणा आरपार जाईल असं गावातली पोरं म्हणायची. त्यात डावा दात जरा पुढे कललेला, आणि दोन्ही तंबाखूने पिवळे पडलेले. कासानारे प्रांताच्या गवताळ माळावर उभा जन्म गुरांत गेला, पण त्या दातांवरून त्याला कुणी बोललं नव्हतं. बोलली ती त्याची एकुलती एक मुलगी, इदालिया. ती योपाल शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती आणि डिसेंबरात तिचं लग्न ठरलं होतं.

"बाबा, फोटोत काय तोंड मिटून उभे राहणार?"

"राहीन की. लग्न तुझं आहे, माझ्या दातांचं नाही."

"सासरची माणसं बोगोताहून येणारेत."

"येऊ देत. त्यांना काय चावणार आहे मी?"

पण लेकीच्या हट्टापुढे कुठल्या बापाचं चाललंय! इदालिया त्याला योपालच्या डॉक्टर ओसोरिओंकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिनंच दिलं. एवारिस्तो मांडीवर हॅट धरून मुकाट बसला. दात वरून थोडे घासले गेले, त्यांवर चिनी मातीच्या पातळ चकाकत्या पाकळ्या चिकटल्या आणि फट बुजली. लग्नाच्या मांडवात तो पहिल्यांदा हसला तेव्हा हार्प वाजवणारा म्हातारा ओरडला, "अरे, हा तर नवी कपबशी गिळून आलाय!" सगळे खो खो हसले. फोटो मात्र झकास आले.

एवारिस्तो ज्या गुरांच्या मळ्यावर कामाला होता तिथला मुकादम सिन्फोरोसो फेब्रुवारीत औषधांच्या दुकानात आला. पाठदुखीचं मलम घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाची शिट्टी गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे गेली. आता कळपापुढे दुसरा माणूस लावलाय मी. एवारिस्तो मागून धूळ खात येतो."

इदालियाला आधी त्यात विशेष काही वाटलं नाही. शाळेसाठी ती लहानपणीच मावशीकडे शहरात आलेली. बाप कळपाच्या पुढे घोड्यावर असतो, गातो, शिट्ट्या मारतो, एवढंच तिला ऐकून ठाऊक होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. तरी रविवारी ती मळ्यावर गेली. बाप ओसरीत उकडलेली केळी काट्याने कुस्करत होता. खाताना पूर्वीसारखा चावत नव्हता, चाचपत होता. 'स' म्हणायला गेला की वारा सुटावा तसा फुस्स आवाज यायचा.

"दुखतात का?"

"नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तू हौसेनं केलंस, बाय. तुझ्या हौसेला नाव कसं ठेवू?"

मग त्यानं जीभ दातांमागे नेली, गाल आत ओढले आणि फुंकर घातली. नुसती हवा. ओसरीतल्या कुत्र्यानं मानसुद्धा वर केली नाही. एवारिस्तोनं नजर खाली घातली. बापाचा चेहरा इतका पडलेला तिनं आईच्या मातीला पाहिला होता, त्यानंतर आज.

संतापून ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टर ओसोरिओंकडे गेली. मनात होतं की दवाखाना डोक्यावर घ्यायचा. पण डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "काम चोख झालंय बाई, कुणालाही दाखवा. शिट्टीचं मला कुणी सांगितलंच नाही."

खरंच, कुणी सांगितलं होतं?

"आता उपाय?"

"सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही. घासलेला दात उगवत नाही. पण या पाकळ्या काढून वेगळ्या बसवता येतील. माझ्यापेक्षा मिरेया काइसेदोंना त्यातलं जास्त कळतं, तोंडानं वाजवणारे वादक त्यांच्याकडे जातात. हे घेऊन जा." त्यांनी कपाटातून प्लॅस्टरचा एक साचा काढून तिच्या हातावर ठेवला. दात घासण्याआधी घेतलेला.

इदालिया रस्त्यात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. फट, कललेला दात, आतल्या बाजूला झिजून पडलेली एक बारीक पन्हळ. हवेनं आणि जिभेनं इतक्या वर्षांत कोरलेली. आपण बुजवली ती नुसती फट नव्हती, हे तिला तिथं भर उन्हात कळलं.

डॉक्टर मिरेया साठीच्या, आखूड केसांच्या, आवाज घोगरा. त्यांनी आधी इदालियाकडे बोट केलं. "तू बाहेर बसलीस तरी चालेल, पण आत बसलीस तर बोलायचं नाही." मग एवारिस्तोकडे वळल्या. "हं, एवारिस्तोराव. हे दात दिसायला कसे हवेत ते नंतर बघू. त्यांनी करायचं काय, ते सांगा."

एवारिस्तो त्या दिवशी जेवढं बोलला तेवढं लेकीनं जन्मात ऐकलं नव्हतं. बिथरलेल्या गुराला लांब, सरळ शिट्टी लागते. पाण्यात उतरवताना वर चढत जाणारी. नुकतं वासरू गमावलेल्या गाईला अगदी हलकी, जवळपास न ऐकू येणारी.

पुढच्या दोन दातांवरच्या पाकळ्या निघाल्या. साचा समोर ठेवून डॉक्टरांनी त्या जागी मऊ पदार्थाचे तात्पुरते दात घडवले. "मारा शिट्टी." फुस्स. आतून किंचित घासलं. "मारा." फुस्स, पण शेवटी एक धागा. पुन्हा घासलं. दुपार सरत आली. डॉक्टरांचा हात दुखायला लागला, त्या खुर्चीला टेकून उभ्या राहिल्या, पण थांबल्या नाहीत.

आणि मग ती आली. खोलीतली काच झणाणली. बाहेर बसलेली माणसं उठून दारात आली. डॉक्टर मिरेयांनी हातातलं अवजार खाली ठेवलं आणि हळूच क्रूसाची खूण केली.

एवारिस्तो मात्र कपाळाला आठी घालून बसला होता. "ही माझी नाही. माझी बारीक होती. ही जाड आहे."

"तुमची परत येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही घेऊन रानात जा. खा, गा, भांडा. पटली तर याच मापाचे पक्के करू. नाही पटली तर परत या, अजून घासू."

तो दोनदा परत आला. मगच पक्के दात बसले. मधोमध फट ठेवून, आणि पांढरेफेक नव्हे, हस्तिदंती.

मे महिन्यात पाउतो नदी फुगायला लागली तसे कळप पलीकडच्या उंच माळावर न्यायची वेळ झाली. इदालियानं दुकानातून रजा काढली आणि सिन्फोरोसोच्या घोडीवर बसून ती काठावर आली. सकाळ होती. गुरं पाण्याशी येऊन अडली होती. शिंगांचं अख्खं रानच जणू. मागची पुढच्यांना रेटत होती, हंबरडे, चिखल, गडी ओरडताहेत, एक बैल उलटा फिरला आणि सगळा कळप त्याच्यामागे कलायला लागला.

"आता फुटला कळप!" सिन्फोरोसो म्हणाला.

एवारिस्तोनं घोडा पाण्यात घातला. पाणी खोगिराला लागेस्तोवर आत गेला, पाठ कळपाकडे. वळूनही पाहिलं नाही. आधी ती जाड शिट्टी, सरळ, लांब. पाण्यावरून गेली आणि पलीकडच्या झाडांतून परत आली. मग तो गायला लागला. "या गं बायांनो, पाणी थंड आहे, पलीकडे गवत गोड आहे," एवढंच, पण स्वर असा ओढत न्यायचा की शब्द विरघळून जायचे.

हंबरडे थांबले. इतकी गुरं, आणि नदीचा आवाज ऐकू यायला लागला. उलटा फिरलेला बैल उभा राहिला. कान हलवले. एका पांढऱ्या गाईनं पाण्यात पाय टाकला. तिच्यामागे दुसरी, मग सगळीच, आणि पाण्यावर नुसती डोकी तरंगायला लागली, सगळ्यांची तोंडं त्या एका माणसाच्या पाठीकडे. शिट्टी आता वर चढत होती. दम संपेल म्हणावं तर संपत नव्हती.

इदालियाची घोडीसुद्धा कान टवकारून पाण्याकडे चालायला लागली. इदालियाला लगाम ओढायचं सुचलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"हा माणूस माझ्या घरचा आहे?" ती पुटपुटली.

"पोरी, घोडी आवर!" सिन्फोरोसो मागून ओरडत होता. "तू कुठं निघालीस? बुटांत पाणी शिरेल!"

पाणी कधीच शिरलं होतं. ती शेवटच्या गुरांसोबत नदीत उतरली होती.