मांडीवरचा डबा

तुंगार्लीला साहेबांच्या बंगल्यात हनुमंत मेंदीचं कुंपण कापत होता, तेव्हा जावयाचा फोन आला. सुहास एवढंच म्हणाला, "मामा, लोणावळ्याच्या दवाखान्यात या. आत्ता या." हनुमंतनं कात्री कुंपणावरच ठेवली नि तसाच निघाला. हातपाय मोडला असेल, प्लास्टर बसेल, असं तो वाटभर मनाशी म्हणत होता. दवाखान्याच्या दारात गावचा गाडीवाला मारुती उभा होता. त्याच्याच गाडीतून रेणुका सकाळी तिकोणा पेठेहून कार्ल्याला निघाली होती. मारुतीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, पण त्यानं मान वर केली नाही. तेव्हाच हनुमंतला कळलं, बायको गेली.

लेकीचं, चैतालीचं, त्या दिवशी तिथं सासरी डोहाळजेवण होतं. "आईच्या हातच्या करंज्या पायजेत," असं तिनं फोनवर सांगितलं होतं. रेणुकानं पहाटे उठून करंज्या तळल्या, स्टीलच्या कडीच्या डब्यात भरल्या नि डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. पोटुशीसाठी न्यायचं अन्न पायाशी ठेवायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. डब्यावरून पट्टा नीट बसेना, म्हणून तिनं तो पाठीमागून अडकवून टाकला. पुढं वळणावर बंद पडलेला ट्रक उभा होता. गाडी त्याच्यावर गेली.

हनुमंतनं डॉक्टरांना एकच विचारलं, "कशानं गेली?"

डॉक्टर म्हणाले, "डबा पोटात बसला. डबा नसता आणि पट्टा नीट लावलेला असता, तर कदाचित वाचल्या असत्या."

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच. करंज्या तिनं मागितल्या होत्या. पोटात बाळ असताना हे ओझं तिच्यावर कसं टाकायचं? पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मात्र तो पुन्हा त्याच डॉक्टरांकडं गेला नि पोटुशी बाईनं गाडीत कसं बसायचं ते नीट विचारून आला.

चैतालीला नववा लागला. बाळंतपणासाठी बहीण रतनबाईला घरी आणून ठेवून हनुमंत लेकीला न्यायला कार्ल्याला गेला. गाडी सुहासची होती, तोच सोडायला येणार होता. त्याची आई, आक्काबाई, दारातच उभी होती.

"जयभीम पाव्हणं. हितंच होऊ द्या म्हटलं, तर ऐकत न्हाई तुमी."

"पयलं बाळंतपण माहेरी. तिच्या आईचं नि तुमचं बोलणं झालतं, आक्का."

आक्काबाई आत गेली नि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. तसलाच कडीचा. चैताली पुढच्या सीटवर बसली होती, तिच्या मांडीवर तिनं तो ठेवला.

हनुमंतनं मागचं दार उघडलं. "चैते, मागं बस. डबा डिकीत ठेवू."

"डिकीत? चपलांच्या पिशवीशेजारी?" आक्काबाई म्हणाली. "बाळंतिणीचं अन्न हाय ते! सायबांच्या बंगल्यात राहून रीतभात इसरला जणू."

"इसरलो म्हणा," असं म्हणून त्यानं डबा उचललाच. आक्काबाईनं तोंड फिरवलं.

मागच्या सीटवर त्यानं लेकीला स्वतः पट्टा लावला. खालचा पट्टा पोटाखालून, जांघेच्या सांध्यावर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं.

"आबा, बाळ दबंल."

"पोटावरनं घेतला तर दबंल. असा न्हाई दबत."

"मामा, आरटीओत लागलाय का काय?" सुहास हसला. हनुमंत हसला नाही. शेजारी बसून त्यानं आपलाही पट्टा लावला.

लोणावळ्यात पेट्रोल भरताना हनुमंत पाण्याची बाटली आणायला उतरला. परत येऊन बसला. दुधिवऱ्याची खिंड ओलांडून गाडी पवनेच्या बाजूला उतरायला लागली, तेव्हा लेकीच्या शालीखाली त्याला काहीतरी चमकलेलं दिसलं. डब्याची कडी होती ती.

"हे काय?"

"पेट्रोल भरताना काढून घेतला. कलंडला आसता तितं. सासूबाईंनी एवढं तुपात केल्यात लाडू."

"दे इकडं. सुहासराव, गाडी थांबवा."

"मामा, वळण हाय. मागनं टेम्पो लागलाय. खाली थांबतो."

"आबा, काय झालंय तुमाला?" चैतालीनं डबा पोटाशी ओढला. "आई आसती तर तिनं बी मांडीवरच घेतला आसता!"

'तसा घेतला म्हणूनच गेली ती,' हे वाक्य हनुमंतच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. त्यानं लेकीची बोटं एकेक करून सोडवली, डबा ओढून घेतला नि खाली आपल्या दोन पायांत दाबून धरला. चैताली पुढं वाकून रडायला लागली.

"रड, पण पाठ टेकून रड. डोकं मागं टेकव. पाय खाली ठेव."

रागारागानं ती मागं टेकली. तेवढ्यात वळणावरून पर्यटकांची एक गाडी दुसऱ्या गाडीला मागं टाकत थेट समोर आली.

"मामा!" सुहास ओरडला.

हनुमंतचा हात आपोआप उठला, लेकीच्या पोटावर आडवा जायला. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात आडवा घालू नका, हातानं माणूस थांबत नाही, तुमचं कोपरच तिला लागेल. उठलेला हात मागं घेणं त्याला फार जड गेलं. त्यानं तो घेतला नि स्वतःचा पट्टा मुठीत धरला.

"डोकं मागं, चैते!"

सुहासनं गाडी डोंगराच्या बाजूला घातली. समोरच्या गाडीनं तिचा कोपरा उडवला, मग ती गटारीच्या दगडी भिंतीवर आदळली.

पुढं एअरबॅगच्या फुगलेल्या पिशवीमागं सुहास खोकत होता. हनुमंतच्या डाव्या पायात कळ भरली होती, पण तो लेकीकडंच बघत होता. ती पोटावर हात ठेवून तशीच बसली होती, डोकं मागं टेकून.

"हलतंय का?"

ती डोळे मिटून वाट बघत राहिली.

"चैते?"

"थांबा की आबा." मग तिचा चेहरा वाकडा झाला नि ती हुंदके द्यायला लागली. "हललं. लाथ मारली."

त्याच दवाखान्यात नेलं त्यांना. बाळाचे ठोके ठीक होते, तरी डॉक्टरांनी चैतालीला रात्रभर ठेवून घेतलं. हनुमंतच्या घोट्याला प्लास्टर घातलं. डब्याची कड लागली होती त्याला. आक्काबाई आली, तिनं आधी सुनेच्या पोटाला हात लावला, मग प्लास्टरकडं बघत राहिली.

"पायाशी ठिवलात, बघा काय झालं," ती म्हणाली. जरा वेळानं हळू म्हणाली, "बरं केलंत, पाव्हणं."

चैतालीनं कुशीवर वळून विचारलं, "आबा, डबा लागतो हे कुणी सांगितलं तुमाला?"

"डॉक्टरांनी."

"कदी?"

"झोप आता."

पुढं ती माहेरीच बाळंत झाली. मुलगी झाली. मुलगी आता बसायला लागली आहे. करंज्यांच्या डब्याचं चैतालीला सांगायचं अजून राहिलं आहे.