फळ्यांवरची चकाकी

रविवारी धाकटा भाऊ येणार आणि अण्णांचं काय ते ठरवणार, हे घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, पण अण्णांची थोरली लेक शुक्रवारपासूनच त्याच विचारात होती. ठरवायचं ते एवढंच होतं. अण्णांनी या घरात एकट्याने राहायचं, की धाकट्याच्या शहरात, त्याच्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन दिवसभर खुर्चीत बसायचं.

अण्णा शिंपी. उभा जन्म लोकांचे कोट शिवण्यात गेला आणि म्हातारपणी डोळे काचबिंदूने नेले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच काय ते कळायचं. पण घरात ते असे वावरायचे की नव्या माणसाला पत्ता लागू नये. घराची जमीन लाकडी फळ्यांची होती. कुठली फळी कुरकुरते, कुठली सांध रुंद झाली आहे, कुठे उंबऱ्यापाशी जरा उतार आहे, हे सगळं त्यांच्या पायांना तोंडपाठ होतं. पायांना तोंडपाठ म्हणणं चूक असेल तर असो, पण होतं तसंच. लोकरी मोजे चढवून ते पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जायचे, आपला चहा आपण करायचे, आणि कुणी मदतीला पुढे झालं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

धाकटा विम्याच्या कंपनीत होता. कुणाचं कधी काय बिघडेल याचा अंदाज बांधण्याचाच तो पगार घ्यायचा, त्यामुळे त्याला सरळ रस्त्यातही खड्डा दिसे. बापावर जीव होता त्याचा, यात शंका नाही. फक्त त्याची जीव लावायची रीत अशी, की माणसाला उचलायचं आणि सुरक्षित जागी नेऊन ठेवायचं. फोनवर तो ताईला म्हणाला होता की मी स्वतः येऊन बघतो, अण्णांचं नीट चाललं असेल तर एक शब्द बोलणार नाही.

म्हणून शनिवारी सकाळीच थोरली पदर खोचून अण्णांच्या घरी हजर झाली. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडेच होतं. घरात शिरल्या शिरल्या तिची नजर जमिनीवर गेली आणि तिथेच अडकली. फळ्या मेल्यासारख्या दिसत होत्या. आई असताना याच फळ्यांत खिडकीचा उजेड पडलेला दिसायचा. दुकानातलं जमीन पुसायचं औषध आणावं तर त्याच्या उग्र वासाने अण्णांना धाप लागायची, म्हणून तिने आईचाच मार्ग धरला.

आधी मऊ केरसुणीने कोपरा न् कोपरा झाडला. मग बादलीभर कोमट पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घातलं, फडकं बुडवलं आणि थेंब पडायचा थांबेपर्यंत पिळलं. जमिनीला पाणी दाखवायचं, पाजायचं नाही, असं आई म्हणायची. फळीच्या रेषेच्या दिशेने हात चालवायचा, आडवा नाही, आणि मागोमाग कोरडं फडकं फिरवायचं. सगळी खोली झाल्यावर तिने दाट कोरा चहा करून गार केला आणि त्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चहाने लाकडाला जरा रंग चढतो. गुडघे बोलू लागले, कंबर तर केव्हाच संपावर गेली होती, पण संध्याकाळी जमीन स्वच्छ होती, लख्ख होती.

फक्त चमकत नव्हती.

इथेच थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण थोरलीला कुठलंही काम पुरेसं झालं असं आयुष्यात कधी वाटलं नाही. रविवारी सकाळी पुन्हा आली तेव्हा तिला आठवलं की आई कपाटाला आणि जेवणाच्या टेबलाला खायचं तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून चोळायची, आणि मग त्या कपाटात तोंड बघून केस विंचरता यायचे. लाकूड ते लाकूड, असा तिने हिशेब केला. आई जमिनीला तेल का लावत नसे, हा प्रश्न तिला पडलाच नाही. अण्णा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. तेवढ्यात तिने खिडकीपासून दारापर्यंत सगळ्या फळ्यांना तेल जिरवलं. म्हणजे जिरलं असं तिला वाटलं.

लिंबाचा वास आत पोचला असावा. अण्णांनी आतूनच विचारलं, कपाट पुसतेयस का. तिने हो म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, कशाला उगाच जिवाचा आटापिटा करतेस, आणि धाकट्याला दाखवायला घर नटवलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं. खोटं बोलायला ‘हो’ एवढा एकच शब्द लागला.

धाकटा आला आणि दारातच थबकला. आईच्या वेळची जमीन वाटते, असं तो म्हणाला तेव्हा थोरलीचा जीव भांड्यात पडला. त्याने बूट काढले, पिशवी ठेवली आणि अण्णांना हाक मारली. मुलाचा आवाज ऐकून अण्णा उठले. एरवी ते सावकाश यायचे, पण लेक चार महिन्यांनी आला होता. ते भराभर बाहेर आले, नेहमीच्याच फळ्यांवरून, नेहमीच्याच मोज्यांत. खिडकीपाशी त्यांचा पाय पुढे गेला तो गेलाच. आधाराला त्यांनी हात टेकला आणि सगळं अंग त्या हातावर आलं.

थोरलीने हाडाचा तो आवाज ऐकला आणि तेल जिरलंच नव्हतं हे तिला कळलं. धाकटा धावून खाली बसला, अण्णांना सावरू लागला. अण्णा कण्हत नव्हते. पडल्या जागी त्यांनी दुसरा हात फळीवर ठेवला, बोटं एकमेकांवर घासली आणि हात हळूच सदऱ्याला पुसला.

दवाखान्यात मनगटाला बारीक तडा निघाला. प्लास्टर घालता घालता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाय घसरला की चक्कर आली. एकट्या राहणाऱ्या माणसाला चक्कर येत असेल तर त्याला एकटं ठेवून चालणार नाही, हेही त्यांनी धाकट्याकडे बघून सांगितलं. थोरली भिंतीशी उभी होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण धाकटा काय म्हणेल, लहानपणापासून जे म्हणत आला तेच म्हणेल, की ताईला एक गोष्ट धड करता येत नाही, या विचाराने तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

"चक्कर आली," अण्णा म्हणाले. "हल्ली येते मधूनमधून."

घरी येताच धाकट्याने बायकोला फोन लावला. अण्णांसाठी मधली खोली रिकामी कर, पलंग भिंतीला लाव, न्हाणीघरात आधाराला दांडा बसवून घे, असं तो एकेक सांगत होता. तो दुष्टपणा नव्हता, बोलता बोलता तो अण्णांच्या पाठीशी उशी सारत होता. अण्णा खुर्चीत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसले होते. ज्यांच्या घराची वाट लागली ते असे बसले होते की जणू दुसऱ्याचाच विषय चालला आहे. थोरलीला ते बघवेना. आपण किती भेकड आहोत याची तिला इतकी लाज वाटली की ती लाजच शेवटी तिला बोलती करून गेली.

"फोन ठेव," ती धाकट्याला म्हणाली. "अण्णांना चक्कर नाही आली. मी जमिनीला तेल लावलं होतं. तेल आणि लिंबू. त्यांनी विचारलं तर कपाट पुसते म्हणून सांगितलं."

धाकट्याने फोन खाली घेतला. खाली वाकून त्याने बोट फळीवरून फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिला.

"आणि दवाखान्यात गप्प राहिलीस."

"राहिले."

"मी त्यांना इथून घेऊन निघालो होतो, ताई."

मग तो बरंच बोलला. काही आजचं, काही बऱ्याच वर्षांपूर्वीचं, काही आईच्या आजारपणातलं, जे त्या दोघांत कधीच बोलून झालं नव्हतं. थोरलीनेही एकदोन गोष्टी ऐकवल्या. चार महिन्यांतून एकदा येऊन धनीपणा गाजवणं सोपं असतं, असंही ती म्हणून गेली. आवाज चढत गेले आणि अण्णा मध्ये बसले आहेत याचाही दोघांना विसर पडला.

"झालं का?" अण्णांनी विचारलं.

थोरली त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली.

"तुम्हाला कळलं होतं ना?"

"मनगट मोडलंय. नाक शाबूत आहे माझं."

"मग चक्कर आली असं का सांगितलंत?"

प्लास्टरच्या कडेवरून अण्णा अंगठा फिरवत राहिले, कोटाची शिवण तपासावी तसा.

"हे घर गेलं असतं तर दुसऱ्या घरात राहिलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही दोघं एकमेकांपासून तुटला असता, तर मी कुठे राहणार होतो?"

थोडा वेळ थोरली रडली, तोंड लपवण्याचीही तिने तसदी घेतली नाही. मग धाकटा उठून स्वयंपाकघरात गेला. तिथून त्याने विचारलं की तेल कशाने निघतं. तिने सांगितलं, आधी पीठ भुरभुरायचं, ते तेल ओढून घेईल, मग झाडायचं, मग गरम पाण्यात व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचे दोनचार थेंब घालून पुसायचं. धाकट्याने बाह्या वर केल्या. फडकं ओलंच आणलं तसं तिने ते त्याच्या हातून घेतलं, पिळलं आणि परत दिलं. एरवी याच्यावरून वाद झाला असता. दोघं खिडकीपासून दोन बाजूंना गुडघ्यांवर सरकत गेली, पुसत, सुकवत, पुन्हा पुसत. दिवेलागणीपर्यंत सगळी चकाकी निघून गेली होती. मोजा घालून धाकट्याने पाय घासून पाहिला, चारचारदा पाहिला, आणि मग अण्णांना म्हणाला की मी उद्या एकटाच जातो.

"म्हणजे मी इथेच राहायचं," अण्णा म्हणाले, "पण आता मला चालता आलं पाहिजे ना."

सकाळी ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. पाय जमिनीवर टेकले होते, पण उठत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांचे पाय थबकलेले थोरलीने पाहिले नव्हते. मग ते उठले. एक पाऊल टाकलं, ते दाबून पाहिलं, मग दुसरं. ती त्यांच्या बाजूने चालू लागली. धाकटा दारात उभा होता.

"हात काढ, पोरी."

"मी धरलेलं नाही, अण्णा."

"धरायला निघाली आहेस. तो काढ."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. जिथे पडले होते तिथे येऊन अण्णा थांबले. बराच वेळ थांबले. धाकट्याने काही बोलायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवून त्याला गप्प केलं. अण्णांचे खांदे वर आले होते, मानेवर घाम होता. त्यांनी पाऊल उचललं तेव्हा तिला बघवत नव्हतं, तरी ती बघत राहिली.

खिडकीशी पोचून त्यांनी चौकटीवर हात ठेवला आणि श्वास घेतला. थोरलीने हात मागेच ठेवले होते. अजून स्वयंपाकघरापर्यंत जायचं होतं.