दोन मिनिटं माझ्या हक्काची

मी टर्बो टायमर बोलतोय. नाव ऐकून घाबरू नका, घाबरायचं खातं आमच्या ताईकडे आहे. स्टिअरिंगखाली चिकटवलेली, लाल आकड्यांची, काडेपेटीएवढी डबी म्हणजे मी. किल्ली काढल्यावरही इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचं, एवढंच माझं काम. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो चढ चढून आला की लालबुंद असतो. इंजिन एकदम थांबवलं तर त्याला थंड करणारं तेलही थांबतं आणि तो आतल्या आत जळतो. हे जळणं कुणाला दिसत नाही, म्हणून मी कुणाला पटत नाही.

मला ताईच्या बाबांनी बसवलं. डॅशबोर्डखाली उताणे पडून, तोंडात टॉर्च धरून. शेवटची वायर त्यांनी हँडब्रेकला जोडली. "या दोन मिनिटांत कुणी हँडब्रेक सोडला, की इंजिन बंद. हा पठ्ठ्या चोराला गाडी नेऊ देणार नाही," असं ते अभिमानाने म्हणाले. आता त्यांना धूसर दिसतं, म्हणून गाडी ताईकडे आली.

ताई टेकडीवरच्या हॉस्पिटलात रक्त तपासते. सुई धरताना तिचा हात हलत नाही, पण मागून कुणी शिंकलं तरी दचकते. शेजाऱ्यांची गाडी चोरीला गेली आणि तिने धसका घेऊन त्याच आठवड्यात अलार्म बसवला. गाडीत आधीच काही बसवलंय का, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि मी आहे हे हिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात उतरून तिने रिमोट दाबला. अलार्मने पाहिलं, दारं बंद, किल्ली नाही आणि इंजिन चालू. म्हणजे चोरच. त्याने असा गळा काढला की ताईच्या हातातला डबा खाली पडला.

मग रोज तेच. वरच्या खिडकीतून मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "अगं, तुझ्या गाडीला आवर घाल. माझा पेशंट सलाइनसकट उठून बसला."

शरमेने ताईने उपाय शोधला. माझं बटण दाबायचं आणि मला शून्यावर आणायचं. इंजिन लगेच बंद, अलार्म गप्प. तीन आठवडे मी तोंडावर शून्य घेऊन बसलो आणि शेजारी टर्बो करपत राहिला. शेवटी चढावर तो शिट्टी मारू लागला.

त्या दिवशी बाबा शेजारच्या सीटवर होते. "हा आवाज कसला गं? टायमर चालतोय ना?"

ताईला खोटं बोलता येत नाही. तिने सगळं सांगितलं. बाबा रागावले नाहीत. घरी जाऊन त्यांनी माझं जुनं माहितीपत्रक काढलं आणि तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.

दुकानदाराकडे मात्र तयार उत्तर होतं. "मॅडम, ही डबी काढून टाकू. किल्लीशिवाय चालू इंजिन म्हणजे चोराला आवतणच." त्याची पक्कड माझ्या वायरीला लागली.

"थांबा," ताई पुटपुटली.

"घाबरू नका, पाच मिनिटांचं काम आहे."

"घाबरलेच आहे मी. तरी थांबा. टायमर राहणार. अलार्म काढा."

"याच्याबरोबर चालणारा अलार्म येत नाही."

"येतो. इंजिन चालू असेपर्यंत तो नुसती दारं राखतो, ते थांबलं की सगळी गाडी. तुमच्याकडे नसेल तर दुसरीकडे बघते."

दुकानदार कपाटाच्या तळाशी वाकला. खोका निघाला, त्यावर धूळ होती. "एवढं माहीत होतं तर आधी बोलायचं ना."

"तुम्ही आधी विचारायचं ना."

जोडणी झाली. ताईने इंजिन सुरू केलं, किल्ली काढली आणि दुकानदाराला म्हणाली, "आता तुम्ही चोर व्हा. आत बसा." त्याला आत ठेवून तिने बाहेरून रिमोट दाबला. अलार्म शांत. मी मोजत होतो. त्याने हँडब्रेक सोडला आणि मी त्याच क्षणी इंजिन बंद पाडलं. गोंधळून त्याने दार उघडलं, तर नवा अलार्म त्याच्या कानात किंचाळला. बिचारा दचकून छताला आपटला.

ताई दचकली नाही.

टर्बो वाचला, शिट्टी मात्र कायमची राहिली. मीही म्हातारा झालोय, माझ्या आकड्यातली मधली रेघ विझलीय आणि आठ शून्यासारखा दिसतो. चालेल. माझी दोन मिनिटं मी पूर्ण मोजतो आणि ती कुणाला सोडणार नाही. मला उपटायला निघालेल्यांनी आधी आत बसून हँडब्रेक सोडून दाखवावा.