अल्बमवरचं नाव

मित्रांनो, मी लातूरचा एक जुना ट्रम्पेट आहे. माझ्या पितळी अंगाला दोन पोचे पडले आहेत आणि मधली कळ दमट हवेत अडकते. मला मोडीत घालण्याआधी माझी गोष्ट ऐका. ती फार गोड नाही. मला एकाचा सूड घ्यायचा होता, आणि तो मी घेतला.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी लातूरच्या एका बँडपार्टीत आलो आणि मूळ मुरुडच्या केरबाच्या हाती पडलो. लिंबू आणि राख लावून तो मला असा घासायचा, की माझ्यात त्याला स्वतःची मिशी दिसायची. वराती असोत की जयंतीची मिरवणूक, पुढे मी आणि मागे उमाशंकरचा ड्रम. लोक म्हणायचे, "केरबा, लई भारी!"

केरबाला मुलगी झाली, त्या आठवड्यात त्याने एक चाल बांधली. मुलगी धम्मप्रिया, म्हणून चालीचं नाव 'धमूची धून'. कुठल्याही वरातीत त्याने ती वाजवली नाही. ती घरची होती.

पुढे धमू कॉलेजात असताना रुद्रेश नावाचा तरुण घरी येऊ लागला. लातूरचाच, पण पुण्यात गिटार वाजवणारा. "काका, ती धून एकदा निवांत वाजवा. मला शिकायचंय," म्हणत त्याने रेकॉर्डिंग चालू करून फोन समोर ठेवला. केरबाने मोठ्या मनाने तीनदा वाजवली.

त्यानंतर वर्षभरात केरबा एका सकाळी उठला, तो तोंडाची एक बाजू लुळी पडलेली. ओठ जुळेनात, फुंक बाजूने निसटायची. महिनाभर त्याने जीव तोडून प्रयत्न केला. मग मला जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. रुद्रेश एकदा भेटून गेला, मग फिरकला नाही. माझ्या कळा गंजल्या. दोन वर्षं माझी कुणाला आठवण झाली नाही.

धम्मप्रिया आता क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होती. एका रविवारी ती फोन घेऊन धावतच आली. "बाबा, रुद्रेशदादाचा नवा अल्बम आलाय. जॅझ, फंक अन् लॅटिन ताल. हे तिसरं गाणं ऐका."

माळ्यावरून मीही ऐकलं. मागे बेस गिटार, कोंगा नावाच्या उभ्या ढोलाचा झुलता ताल, आणि वर माझा आवाज. केरबाचा श्वास! गाणं सुंदर झालं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. नाव होतं 'हायवे'. खाली लिहिलेलं, 'रचना व ट्रम्पेट : रुद्रेश'.

केरबा पाणी प्यायला गेला, तर ते ओठाच्या कडेने सदऱ्यावर सांडलं. त्या क्षणी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

चार दिवसांनी रुद्रेशचाच फोन आला. अल्बमचा सोहळा लातुरात होता. जुन्या बँडची आठवण म्हणून त्याला मी स्टेजवर मांडायला हवा होतो. केरबाच्या घरात जॅझ कोण ऐकणार, असं त्याने धरलं असावं.

"हाव, आणते की," धम्मप्रिया म्हणाली.

"धमे, देऊ नको त्याला," केरबा म्हणाला.

"देऊन न्हाई राहिले, बाबा. नेऊन राहिले. तुम्ही बी चला."

तिने मला माळ्यावरून काढलं, कळांना तेल दिलं. लहानपणी गच्चीवर बापाकडून शिकलेलं सगळं तिने पुन्हा घोटलं.

सभागृह भरलं होतं. मला स्टेजवर लाल कापडावर ठेवलं. रुद्रेश माइकवर सांगू लागला, "या अल्बममधला ट्रम्पेट मी स्वतः वाजवलाय."

तिसऱ्या रांगेत केरबाच्या शेजारी बसलेली धम्मप्रिया उभी राहिली. "दादा, मग आता वाजवा की. ट्रम्पेट तुमच्या म्होरंच हाय."

शेजारून उमाशंकर ओरडला, "वाजवा, वाजवा!" सगळं सभागृह टाळ्या पिटू लागलं. आता मागे फिरायला जागा नव्हती.

रुद्रेशने मला उचललं. त्याने फुंकलं, नुसती हवा गेली. गाल फुगवून पुन्हा फुंकलं. मी रेड्यासारखा रेकलो. लोक हसू लागले. इतक्या वर्षांत मी कुणाला दगा दिला नव्हता. त्या संध्याकाळी मनापासून दिला. ट्रम्पेटला ओठ घडवावे लागतात, हे खरं. पण थोडं श्रेय मलाही घेऊ द्या.

धम्मप्रिया स्टेजवर गेली, मला त्याच्या हातातून काढलं आणि ओढणीने पुसलं. "ही धून माझ्या बाबांची, केरबांची हाय. माझ्या जन्माची हाय," एवढंच बोलली आणि वाजवू लागली. दोन ओळी झाल्या, तोच रुद्रेशच्याच कोंगावाल्याने ताल उचलला. रुद्रेश पडद्यामागे गेला. मला त्याची जराही दया आली नाही.

आठ दिवसांत अल्बमवर केरबाचं नाव लागलं, धुनेला तिचं नाव परत मिळालं. मग रुद्रेश घरी आला. "काका, चुकलो. माफ करा."

केरबा म्हणाला, "नाव लावलंस, बरं केलंस. पण माझं तोंड वाकडं झालं, हे तुला ठाव होतं. आता हा काय बोलणार, असंच वाटलं ना?"

केरबाने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"चहा घे अन् जा. माफी न्हाई."

मित्रांनो, क्षमा मोठी असते असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते शिका. माझं मागणं वेगळं आहे. घरच्या माळ्यावर एखादं वाद्य असेल तर खाली काढा, पुसा. पण त्याआधी ते कोण वाजवत होतं ते विचारा, आणि त्याचं नाव लिहून ठेवा. तुम्ही नाही लिहिलं, तर दुसरं कुणीतरी तिथे आपलं लिहील.