आंघोळीनंतरचे प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं यंत्र आहे. चिंचोक्याएवढं. सध्या नाशिकच्या एका वृद्धाश्रमात, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडून आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला आयुष्य दिलं लताबाईंनी. एकलहऱ्याच्या शाळेत त्यांनी कितीतरी मुलांना पाढे शिकवले. त्यांच्या मुलाने, अश्विनने, मला त्यांच्या कानात बसवलं तेव्हा पहिला आवाज आला तो शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा. बाई रडल्या.

पुढे बाई आश्रमात आल्या, तेव्हा शेजारच्या खाटेवर बिलकिसआपा होत्या. "बाई, आज वरणातली डाळ पोहायला गेली वाटतं," असं त्या हळूच म्हणत आणि बाई खुदकन हसत. तेवढ्यासाठी माझा जन्म होता.

पाणी मला सोसत नाही. आंघोळीआधी आश्रमातल्या मदतनीस फुलाबाई मला काढून रुमालात ठेवत. आंघोळ झाली की सगळ्यांना ओळीने उन्हात बसवायचं, ही तिथली रीत. एका सकाळी, मी अजून रुमालातच असताना, त्याच ओळीपाशी नर्स साक्षी तपासणीचा कागद घेऊन आली.

"आजी, आज वार कोणता?"

"हो," बाई हसून म्हणाल्या.

"मुलाचं नाव काय?"

"हो, हो."

न समजलेला धडा विचारला की मुलं माना डोलावतात ना, तशी त्यांनी मान डोलावली. साक्षीने लिहिलं, 'स्मृती गेली आहे.'

"अगं पोरी, डोकं शाबूत आहे तिचं. कानात मशीन घाल, मग विचार," आपा म्हणाल्या.

"पुढच्या वेळी बघू आपा. अख्खी ओळ उरकायचीये."

बाईंना विसराळूंच्या खोलीत हलवलं. तिथे कुणी सेल गिळेल म्हणून यंत्रांना मनाई. मी तिथल्याच कपाटावरच्या डब्यात गेलो. बाई कानाला बोट लावून खुणा करत राहिल्या. "ठणकतोय वाटतं," म्हणत फुलाबाईंनी कानात कोमट तेल सोडलं. पुढच्या तपासणीला मी डब्यातच होतो. साक्षीने मागच्या कागदावरची जुनीच ओळ उतरवून घेतली.

अश्विन आला. कागद वाचून तो आईशी बोललाच नाही. नुसता हात धरून बसला आणि गेला.

मित्रांनो, कुणाबद्दल काही लिहिण्याआधी त्याचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर आणि यंत्र कानात आहे ना, एवढं पाहत जा. लिहिलेलं पुसायला फार थोडी माणसं परत येतात.

आज आपा भिंतीला धरत दारापर्यंत आल्या. वरणाचंच काहीतरी सांगत होत्या. बाईंनी त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "हो."